डब्यात वाकणारी मावशी

सातपूरच्या कंपनीत पॅकिंगला आम्ही सात बाया. त्यात एक वयानं मोठी, तिला सगळ्याच मावशी म्हणायच्या. जेवायची सुट्टी झाली की ती आधी सगळ्यांच्या डब्यात वाकून बघायची, मगच सोताचा उघडायची. "ही भाकर हाय का पाट गं? नवऱ्यावरचा राग पिठावर काढला वाटतं!" बाया हसायच्या आन् खायच्या.

मी कामाला नवीनच लागलेली. माझं लेकरू चार महिन्याचं, सासूपाशी ठेवून यायची मी, सगळा जीव घरी. मावशी माझ्या डब्यात बघून म्हणली, "ठेचा? अगं, अंगावर पाजतीस ना? लेकराचं पोट जाळशील." मी भ्याले, ठेचा सोडला. मग म्हणली दाण्याच्या चटणीनं पित्त व्हतं, चटणी सोडली. मग म्हणली डाळीनं लेकराचं पोट फुगतं, डाळबी सोडली. कोरडी भाकर पाण्यासंग गिळायची, पण बाळाला काय व्हायला नको.

दीड महिन्यात माझं दूध आटलं. वरचं दूध लेकराला पचंना, रडून रडून पार वाळलं.

मी मावशीला म्हणलं, "मावशी, तुमी म्हणल्या ते सगळं सोडलं, तरी दूध गेलं."

तिचा घास हातातच राहिला. हळूच म्हणली, "अगं पोरी, मी तर सगळ्यांनाच बोलती. तू खरंच सोडलंस?"

तिनं डबा झाकला. मावशीचं हसून सोडून द्यायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.