खुलासेवाल्यांची तक्रार

आमच्या ह्यांची सगळी नोकरी बसच्या ऑफिसात गेली. काम एकच. पेपरात कोणी बसबद्दल तक्रार केली, की संपादकांना खुलासा पाठवायचा: गाडी उशिरा आलीच नव्हती, छप्पर गळतच नव्हतं. कॉलनीत ह्यांना 'खुलासेवाले' म्हणायचे, आणि हे त्यावर खूश. आता काय बोलणार!

तर मध्यंतरी आमच्या दारासमोरचा स्टॉप हलवला. नवा स्टॉप रस्त्यापलीकडे, जायचं तर पादचारी पूल चढून. माझी धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. तिला दुपारचं जेवण भरवायला मी रोज बसने जाते. त्या पायऱ्यांपुढे माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. ह्यांना म्हटलं, जन्मभर लोकांच्या तक्रारी खोडून काढल्यात, आता बायकोसाठी एक लिहा. संपादकांना पटेल अशी लिहा.

बसले लिहायला. चहावर चहा. सुरुवात झकास केली: म्हातारी माणसं, पायऱ्या, आजारी बहीण, सगळं आलं. पण हाताला वळण पडलेलं ना! प्रत्येक तक्रारीखाली आपसूक खुलासा उतरायला लागला. 'तथापि, जुन्या जागी वाहतुकीची कोंडी होत असे.' 'तथापि, पायऱ्या चढणे प्रकृतीस हितकारक आहे.' मी कपाळावर हात मारून घेतला. विचारलं, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने? तर म्हणे, एकतर्फी लिहिलं की पत्राला वजन राहत नाही. ते तथापि काढा म्हणून मी घसा कोरडा केला. ऐकतील तर शपथ. चांगल्या कागदावर उतरवून काढलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

पत्र छापून आलं. जागा कमी, म्हणून संपादकांनी कात्री लावलेली. तक्रारी काय, त्यांच्याकडे रोजच येतात; त्या गेल्या, ह्यांचे तथापि तेवढे राहिले. वर मथळा: 'नवा बसस्टॉप योग्यच'. खाली ह्यांचं नाव, ठळक.

"भाषा मात्र जशीच्या तशी ठेवलीय," हे म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांच्याशी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात बहिणीचा फोन आला. शेजारणीने तिला पेपर वाचून दाखवला होता. मला वाटलं, आता ही भाऊजींची चांगली टर उडवणार.

"ताई, भाऊजींनी किती नीट पटवून दिलंय गं," ती म्हणाली. "स्टॉप काही परत यायचा नाही. त्या पायऱ्या चढून तू नको येत जाऊस आता. माझं होईल काहीतरी."