गळ नसलेल्या माश्या

आमची वहिनी विनी मेटकाफ जन्मात कधी मासे धरायला गेली नाही, पण तिने बांधलेल्या माश्यांना सबंध स्वेल नदीवर तोड नव्हती. मी तिची नणंद. वहिनीची स्तुती माझ्या जिवावर येते, तेव्हा मी म्हणते ते खरंच असणार.

माशी म्हणजे काय हो, माशाला किडा वाटावा म्हणून गळावर गुंडाळलेला नारिंगी रेशमाचा धागा आणि तित्तिराचं एक पीस. पण पिसाचे वेढे दोनच. "तिसरा दिलास की झाडू होतो," असं ती मला सुनवायची. माझे झाडूच व्हायचे.

असली माशी तरंगत नाही, बुडते. माझा भाऊ एमॉस मांडीभर पाण्यात उभा राहून, एका दोरीला तीन माश्या लावून प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकायचा, आणि त्या वाहत खाली येताना गळाची काठी हळूहळू उचलत राहायचा. ट्राउट मासा काही दिसत नाही. दोरी जराशी अडखळते, तेवढंच. "तेव्हा विचार करत बसलीस तर मासा गेला. हाताला कळलं पाहिजे," तो म्हणायचा.

मग तो विसरायला लागला. आधी नावं, मग घराची वाट. एकदा अंगठ्यात गळ रुतवून घरी आला. रक्त टपकतंय आणि ह्याला पत्ता नाही! डॉक्टर म्हणाले, काठी काढून घ्या. मीही तेच म्हटलं.

विनी उसळली, "नदी काढून घेतली तर उरेल काय त्याचं?"

तिने पक्कड घेतली आणि प्रत्येक गळाचं वाकडं टोक तोडून टाकलं. माश्या दोरीला तीच बांधून द्यायची आणि रोज त्याच्याबरोबर काठावर बसायची.

हात मात्र काही विसरला नव्हता. दोरी अडखळली की काठी उठायचीच. क्षणभर ओढ, आणि मासा सुटायचा. सुरुवातीला तो हसायचा, "लबाड आहे लेकाचा!" पुढे हसणं थांबलं. संध्याकाळी आपल्याच हाताकडे बघत बसायचा. "हात गेला माझा," म्हणायचा. विनी पाठ फिरवून भांडी घासत राहायची. मला ते बघवत नव्हतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी मीही सोबत होते. एमॉस पाण्यातून बाहेर येऊन दगडावर बसला आणि अंगठ्याने माशी चाचपू लागला.

"गळच नाही हिला." त्याने तिन्ही चाचपल्या. मग विनीकडे वळला. "बाई, बघा हो तुम्ही. कुणीतरी म्हाताऱ्याची चेष्टा करतंय. माझ्या बायकोला कळलं तर सालटी काढेल त्याची. ती असलं कधी करायची नाही."

अरे मेल्या, हीच तुझी बायको! माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विनीने माझं मनगट घट्ट दाबलं.

"नाही, ती नाही करायची," ती म्हणाली.

घरी आल्यावर तो खिडकीशी बसून बायकोची वाट बघू लागला. चहा दिला तर म्हणाला, "ती आल्यावर घेतो." विनी टेबलाशी माशी बांधायला बसली. धागा सारखा तुटत होता. मला रडू आवरेना. शेवटी झाली, गळासकट. तिने ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"तुमच्या बायकोने पाठवलीय."

त्याने अंगठा फिरवला. टोक लागलं तसा त्याचा चेहरा फुलला.

"बघा! म्हटलं नव्हतं? सांगा तिला, तिचा हात मी कुठंही ओळखतो."

"सांगते," विनी म्हणाली.