हनुवटीखाली बोटभर जागा

हसनचाचा समोरच्याची हनुवटी आधी बघायचे आणि सलामाला उत्तर मागाहून द्यायचे. मूळचे रत्नागिरीचे. दुबईत रास अल खोरच्या गोदामांमध्ये त्यांचा फ्रेमा बनवायचा कारखाना होता. "हनुवटीखाली बोटभर जागा सोडायची. बादशहा झाला म्हणून काय, श्वास लागतोच," असं म्हणत ते प्रत्येक फ्रेमच्या पाठीवर पेन्सिलीने फोटो कुणाचा ते लिहीत.

आमची ओळख माझ्या गाढवपणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी अशाच झाल्या आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दुबईतल्या हॉटेलांना सजावटीचं सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत होतो. एका हॉटेलाला युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्यातल्या सात पिढ्यांच्या सात राजांची चित्रं हवी होती, क्रमाने. क्रमाच्या यादीवर मी दोन समोसे खाल्ले, तिलाच हात पुसले आणि ती फेकून दिली. चित्रं फ्रेम करायला चाचांकडे दिलेली, आणि त्यांवर नावं नव्हती.

"चाचा, उद्या डिलिव्हरी आहे. नोकरी जाणार माझी!"

"यल्ला, चल, मांड सगळे जमिनीवर."

चाचांनी मुकुट पाहिले नाहीत, कपडे पाहिले नाहीत. प्रत्येकाच्या हनुवटीवर बोट ठेवत त्यांनी रांग लावली. जबडा पिढीगणिक पुढे येत गेला होता. सातव्याचे ओठ मिटतच नव्हते.

"ह्यांची लग्नं घरातल्या घरात व्हायची ना रे?"

मी दचकलो. मी एक अक्षर बोललो नव्हतो. पहिल्याने सोयरिकी जुळवून राज्यं मिळवली, पुढच्यांनी ती बाहेर जाऊ नयेत म्हणून पुतण्या-भाच्यांशीच लग्नं केली. शेवटच्याला घास चावता येईना, मूलही झालं नाही, आणि स्पेनचं तख्त गेलं. हे सगळं मी हॉटेलच्या माहितीपत्रकात वाचलं होतं.

आता गप्प बसावं की नाही? पण मला चेष्टा सुचली. आमच्या घरात तीन पिढ्या मामाचीच मुलगी करायची रीत. माझाही साखरपुडा पुढच्या महिन्यात मामेबहिणीशी ठरलेला. त्यासाठी बाबांनी फ्रेम करायला पाठवलेले आजोबांचा, त्यांचा आणि माझा असे तीन फोटो मी राजांखाली मांडले. "आमचंही घराणं बघा, चाचा!"

चाचा हसले नाहीत. त्यांनी माझा फोटो उचलून सातव्या राजाशेजारी ठेवला. मी त्या राजाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता, माझंच तोंड घेऊन.

"आणखी एक घरातलीच आणलीस, तर पुढं फ्रेम लागायची नाही. खलास."

हॉटेलात रांग बिनचूक निघाली. त्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला.

"मामाला काय सांगू मी?"

"माझी हनुवटी सांगा."

बाबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. चाचा त्याच आठवड्यात सुट्टीवर गावी गेले आणि तिथेच वारले. जाण्याआधी त्यांनी बांधून ठेवलेलं आमच्या घरच्या फोटोंचं पार्सल कारखान्यातून माझ्या नावाने आलं. ते चेहरे पुन्हा रांगेत बघायची माझी हिंमत नव्हती. मी ते कपाटावर टाकून दिलं. पुढे ऑफिसातल्या एका मल्याळी मुलीशी माझं लग्न झालं. मुलगी झाली.

ती वर्षाची झाली तेव्हा आम्ही घर बदललं आणि पार्सल उघडावं लागलं. फोटो तीन दिले होते. फ्रेमा चार निघाल्या. चौथी लहान, रिकामी. मी ती उलटी केली. पाठीवर चाचांच्या पेन्सिलीने लिहिलं होतं : 'मुलगी. हनुवटी आईची.'

मुलीचा फोटो मी आत सरकवला. कुठे कापावा लागला नाही. हनुवटीखाली बरोबर बोटभर जागा उरली.