एका रेघेचा ठसा

कमलाक्षीबाई आपल्याच शब्दात अडकल्या होत्या. "चौथा बिट मोडला तर मशीन मीच विकून टाकीन," असं त्यांनी नवऱ्याला, श्रीनिवासरावांना, सुनावलं, तेव्हा तीन मोडून झाले होते आणि घरात एकच उरला होता.

तंजावरच्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर बायका यात्रेला जातात. या बाईंनी सीएनसी मशीन मागवलं. शिवणयंत्राएवढं, हौशी लोकांचं. कॉम्प्युटरवर चित्र द्यायचं, की बिट म्हणजे फिरतं अणकुचीदार टोक ते कोरून काढतं. लाकडी पाट्या झकास जमल्या. मग पिशव्या शिवणाऱ्या सतीशकुमारने पितळी ठसा मागितला. चामड्यावर दाबला की दारातलं कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, उठून दिसली पाहिजे.

चामडं म्हटल्यावर श्रीनिवासरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जन्मात चामड्याला हात न लावलेला माणूस, चपलासुद्धा रबरी. चौथाही मोडणारच, असं धरून त्यांनी जवळच्या पापनाशम गावचं गिऱ्हाईकही शोधून ठेवलं. ते आज दुपारी मशीन न्यायला येणार होतं.

बाईंनी आधी पितळाला शिव्या घातल्या, मग मशीनला. सकाळी दारात ठिपके मांडून त्या ओणव्या झाल्या. पीठ चिमटीतून सुटलं, ठिपक्यांना वळसे घालत परत सुरुवातीला येऊन मिळालं. हात एकदाही उचलला नव्हता. बाई तशाच ओणव्या राहिल्या. मशीन मात्र हेच कोलम तुकड्यातुकड्यांनी कोरत होतं. एकेचाळीस वेळा टोक उचलायचं, एकेचाळीस वेळा पितळात खुपसायचं. मोडेल नाही तर काय? चूक पितळाची नव्हती, त्यांचीच होती, आणि याचा त्यांना भयंकर राग आला.

कॉफीसुद्धा न घेता त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या. उचलण्याची एकूण एक आज्ञा पुसली. टोक एकदाच टेकवायचं, फेऱ्यावर फेऱ्या घ्यायच्या आणि दर फेरीत केसभर खाली जायचं.

"कायला हट्ट करितेस?" राव म्हणाले.

"दुपारपर्यंत मशीन माझंच आहे. तुम्ही बसा गप."

मशीन दोन तास गुरगुरलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. बिट शाबूत वर आला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मग ओट्यावर जाऊन त्यांनी ओलसर चामड्यावर ठसा ठेवला, शिकंज्यात आवळला आणि सोडवला. रेघ अखंड उठली होती.

राव दारातून बघत होते. हळूच जवळ आले, उकिडवे बसले. बोट पुढे केलं, मागे घेतलं, मग टेकवलंच. वळणं घेत बोट निघालं तिथेच पोचलं आणि पुन्हा चालू लागलं.

"त्या पापनाशमवाल्यास फोन कर," ते मान वर न करता म्हणाले. "सांग, मशीन द्यायचं नाही."

"तुम्हीच करा की."

"माझा हात गुंतलाय."