बोटाला गोंद कुठून येणार

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी इथे परदेशात, पासिर रिसला, आमच्या ब्लॉकखाली बाकावर बसलो होतो. बायकोचा, सुधाचा, डबा हॉस्पिटलमधून परत आणून, धुऊन पालथा घातला होता. भात तसाच आला होता. "बाबा, टॅक्सी पाठवतोय, खालीच थांबा," एवढंच पोरगा म्हणाला. एरवी मी बसने जातो, त्याला माहीत आहे. टॅक्सी म्हटल्यावर मला कळलं.

ती गेली त्याला दोन महिने होत आले. लिहायची मला सवय नाही, शाळा सातवीला सुटली आणि जन्म पुण्यात टेंपो चालवण्यात गेला. पण इथली मंडळी भेटायला आली ती सगळी माझ्या बायकोला हसतमुख म्हणून गेली. हसतमुख ती अजिबात नव्हती. हट्टी होती. कामात कुणी मध्ये बोललं की खेकसायची. ते कुणीतरी लिहायला हवं.

लग्न झालं तेव्हा ती एका कारखान्यात टायपिस्ट होती. तिथली यंत्रं फ्रान्सहून यायची आणि त्यांचे कागद वाचायला कुणी नसायचं. हिने फ्रेंचचा संध्याकाळचा क्लास लावला. कुकर मी लावायचो. शेजारचे जोशी विचारायचे, "काय हो, सुधाबाई मॅडम झाल्या, मग तुम्ही कोण, मुस्यू का?" मी म्हणायचो, मी ड्रायव्हर. पुढे नोकरी सुटली तरी फ्रेंचमधून इंग्रजी करायचं काम घरी येत राहिलं, आणि मिलिंदकडे इथे आलो तेव्हा तेही मागोमाग आलं. कादंबऱ्या वगैरे नाहीत. पंप कसा उघडायचा, छपाईची शाई कशी भरायची, असलं.

तिची एक पद्धत होती. वस्तू हातात घेतल्याशिवाय तिचं नाव लिहायची नाही. कागदातल्या पिना उपटायचा चिमटा असतो ना, त्याच्यासाठी पुण्यात लक्ष्मी रोडला दुकानात उभी राहून तिने दुकानदाराच्या बिलांच्या पिना उपटल्या होत्या. तो ओरडला, तर म्हणे, परत मारून देते. आणि वस्तू नाहीच मिळाली तर ती काय काम करते ते मला मराठीत सांगायची. मला कळलं तर लिहायचं. "तुम्हाला कळलं म्हणजे कुणालाही कळेल," असं तोंडावर म्हणायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. रोज संध्याकाळी चहाला मी तयारच असायचो.

गेली दोन वर्षं काम आटत गेलं. मशीनच भाषांतर करतं, हिला फक्त तपासायला पाठवायचे, पुढे तेही कमी. आजारपण निघालं त्याच महिन्यात एक अख्खं काम आलं, ऑफिसच्या सामानाच्या एका फ्रेंच कंपनीचं माहितीपत्रक. इतकी खूश झाली की केमोची तारीख पुढे ढकलता येईल का विचारत होती. त्यात एक शब्द होता, मुयर. ओलं करणारं, असा काहीतरी अर्थ. चित्र नव्हतं. चिनी मातीची वाटी, त्यात पाणी, टेबलावर ठेवायची. दुकानं हिंडायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. तिने मला विचारलं, मी म्हटलं, अगं बँकेतल्या कॅशियरकडे असायची ती डबी, बोट ओलं करून नोटा मोजायची. ती म्हणाली, मलाही तेच वाटतं. आमच्या घरात जिभेला बोट लावून पान उलटलं तर आई हातावर मारायची, उष्टं म्हणून. तिच्याकडेही तसंच. ओलं करायचं म्हणजे बोटच, दुसरं आमच्या डोक्यात येईलच कसं? तिने इंग्रजीत बोटं ओली करायची वाटी असं लिहिलं आणि काम पाठवून दिलं.

पुढे वॉर्डात एक दिवस सलाईन चालू असताना डोळे उघडून म्हणाली, "अहो, त्यात खाली लिहिलं होतं, वापरून झाल्यावर गोंद पुसून घ्यावा. बोटाला गोंद कुठून येणार?"

मी म्हटलं, पड गप. मिलिंद म्हणाला, "आई, गेलं ना ते काम आता. कोण वाचतंय?" नात इथल्या पोरांसारखी शेवटी लाह लावून म्हणाली, "आजी, असलं कोण वापरतं, लाह!" हिने भिंतीकडे तोंड केलं. मग मला एकट्याला म्हणाली, "शेवटचं काम आहे. चुकीचं ठेवून जायचं नाही मला."

मग हिंडलो. लिटिल इंडियात चोवीस तास उघडं असतं त्या मोठ्या दुकानात सगळं मिळतं, हे नाही मिळालं. पोरं हसली. शेवटी आमच्याच भागात एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात चिनी म्हातारी होती, गोंद म्हणजे पाकीट असेल असं वाटून तिला मी जीभ काढून पाकीट चाटायची नक्कल करून दाखवली. म्हणाली, "अंकल, यू वेट हा." आतून धुळीने भरलेली वाटी आणली, मध्ये फिरणारा चिनी मातीचा रूळ.

सुधाने ती चादरीवर घेतली. मी ग्लासातलं पाणी ओतलं. तिने रूळ फिरवला, जेवणाच्या ट्रेवरचं कार्ड त्याच्यावरून ओढलं, कडेपर्यंत एकसारखं ओलं झालं. "बघा. पाकिटाचा गोंद भिजवायला. तिकिटाचा. बोटाचा काही संबंध नाही." कित्येक दिवसांनी तिचा तो खेकसायचा आवाज ऐकला. मिलिंदला तिथेच बसवून तिने दुरुस्ती लिहून घेतली, दोनदा वाचून घेतली, आणि पाठवायला लावली.

उत्तर आलं नाही. रोज विचारायची, आलं का? मिलिंद बाहेर कॉरिडॉरमध्ये म्हणाला, "बाबा, आलं म्हणून सांगू या का?" मी म्हटलं, नको. ती वाचून दाखव म्हणेल... आणि तू काय वाचशील? शेवटच्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेलो तेव्हाही तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ती हं म्हणाली.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. तिच्या खोलीत तिचाच कॉम्प्युटर उघडून मिलिंदने वाचून दाखवलं. उशिराबद्दल क्षमा, तुमचं बरोबर आहे, छपाईच्या आत बदल केला आहे, खाली पान जोडलंय, एकदा नजर टाका. ती गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मिलिंदने पान उघडलं, शब्द वाचला, बरोबर होता. मग विचारलं, "यांना आता सांगायला हवं ना?"

मी म्हटलं, "ते उद्या सांग. आधी कामाचं उत्तर दे. बघितलं, बरोबर आहे. एवढंच."

त्याने तेवढंच लिहिलं. लिहून झालं तर खाली तिचं नाव आपोआप आलेलं, कॉम्प्युटरमध्येच बसवलेलं होतं. तो पुसायला गेला.

मी म्हटलं, राहू दे.