हातातला अर्धा सेकंद

दूध उतू जाता जाता तिने गॅस बंद केला आणि मागे वळून पाहिलं. नवरा टेबलाशी तसाच बसलेला. समोरच्या चहावर साय धरली होती. आठ दिवस हेच चाललं होतं. विचारलं तर 'हूं', नाही विचारलं तर तेही नाही. खेकसला असता तरी चाललं असतं. भिंतीशी किती बोलायचं माणसाने?

तेवढ्यात दार वाजलं.

दारात नवऱ्याच्या कामावरचा मुकादम, आणि मागे गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, नेटवर्क कंपनीची तरुण इंजिनिअर. एरवी सरळ स्वयंपाकघरापर्यंत येणारा मुकादम आज दारातच घुटमळला.

"वहिनी, ज्योतिषी उठले का?"

ज्योतिषी हे नवऱ्याचं कामावरचं नाव. तो क्रेन चालवायचा, पण क्रेनवर न बसता. मालाचं यार्ड गावाबाहेर आणि हा शहरातल्या एका खोलीत, पडद्यासमोर. क्रेनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र मोबाइलच्या नेटवर्कवरून आधी कुठल्या तरी लांबच्या मोठ्या संगणकाकडे जायचं आणि तिथून इकडे यायचं. या येरझारीत अर्धा सेकंद जायचा. म्हणजे पडद्यावर कंटेनर हातभर लांब दिसायचा, तेव्हा तो खरा पोहोचलेला असायचा. नवखे हमखास धडकवायचे. याने सहा वर्षांत हाताला वळणच लावून घेतलं होतं. हातभर आधी थांबायचं आणि बिनधास्त खाली सोडायचं. चित्र मागाहून येऊन गाठायचं, म्हणून ज्योतिषी.

ती सवय घरीही आली होती. काही विचारलं की क्षणभर थांबून मग उत्तर. "माझं बोलणंही लांबच्या संगणकाकडे जाऊन येतं का हो?" असं ती चिडवायची, तेव्हा तो हसायचा. तेही क्षणभर थांबूनच.

आठ दिवसांपूर्वी यार्डातल्या टॉवरच्या पायथ्याशी नेटवर्क कंपनीचा कपाटाएवढा संगणक सुरू झाला. चित्राचं काम आता तिथल्या तिथे. मधला अर्धा सेकंद नाहीसा झाला. 'चित्र लवकर येईल' एवढाच निरोप आला आणि हा "बरं" म्हणाला. डोक्याला कळलं, पण हाताला कोण सांगणार? तिसऱ्याच खेपेला हात हातभर आधी थांबला आणि कंटेनर सोडून मोकळा झाला. कंटेनर ट्रकच्या काठावर टेकला, कलंडला, आणि पुढच्या केबिनचा चुराडा झाला. ड्रायव्हर पाणी प्यायला उतरला होता, म्हणून वाचला.

इंजिनिअरने टेबलावर चौकशीचा कागद ठेवला. "काका, यंत्रणेत दोष नाही. सगळी नोंद आहे. चालकाने आधी थांबवलं."

"अगं, आधी थांबवतात म्हणूनच सहा वर्षं पाठ थोपटलीत की त्यांची!" ती म्हणाली.

"वहिनी, मला का ते कळत नाही?" मुकादम तिची नजर चुकवत म्हणाला. "पण सही झाली की चौकशी मिटेल. याला गोदामात काम देतील."

"म्हणजे क्रेनची खुर्ची गेली."

"गेली."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. यावर तरी तो काही बोलेल, असं वाटलं. त्याने पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. मग क्षणभर थांबून विचारलं, "ड्रायव्हर कसा आहे?"

"ठणठणीत! नवा ट्रक मिळालाय, मिशीला पीळ देत फिरतोय. म्हणतो, ज्योतिष्याच्या कृपेने माझी ग्रहदशा सुधारली."

कोणी हसलं नाही. मुकादमही नाही.

इंजिनिअरने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. आवाज जरा खाली आला होता. "चालकाचं म्हणणं लिहायला हा रकाना आहे, काका. सहसा कोणी भरत नाही."

त्याने कागद जवळ ओढला. राग नव्हता चेहऱ्यावर, रडूही नव्हतं. गार चहाचा कप त्याने बाजूला सरकवला.

"चूक माझ्या हाताची. लिहितो तसं," तो म्हणाला. "पण सहीच्या आधी चार दिवस मला यार्डात जमिनीवर उभं राहू द्या. सहा वर्षांत कंटेनर खरा कधी टेकतो, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तेवढं बघायचंय."