वय बसवणारे गुरुजी

"उजवा हात डोक्यावरनं घे, डावा कान धर." बोटं कानाला लागली की गुरुजी म्हणत, "झालास रं सहाचा!" आणि पोर पहिलीत. जन्मतारीखही तेच बसवत. सगळ्यांची एक जून. असे गुरुजी तुम्हीही पाहिले असतील. मी सांगलीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, मला ते नवीन होतं.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. एका अभ्यासाचं काम मी करत होते. निरनिराळ्या देशांतल्या दहा वर्षांच्या मुलांना एकच पेपर द्यायचा, मग मूल कुठल्याही इयत्तेत असो. शिकणं वयानं वाढतं की इयत्तेनं, हे त्यातून पाहायचं होतं. ते पेपर घेऊन मी इस्लामपूरजवळच्या या गुरुजींच्या शाळेत गेले.

"परदेशातल्या पोरांसंगं आमची पोरं! लय झालं," गुरुजी म्हणाले. त्यांनी व्हरांडा सारवून घेतला होता. पोरांच्या डोक्यांवर तेल चपचपत होतं.

पोरं बसली. तेवढ्यात दुसरीच्या वर्गातून एक उंच मुलगी उठून आली. आटपाडीकडच्या मेंढपाळांची; इकडच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आली की शाळेत यायची. दहाची झाली तरी बिघडत नाही, असं सांगून गुरुजींनीच बापामागे लागून तिला शाळेत घातलं होतं.

"गुरुजी, मी बी धाची हाय की. तुमीच म्हनलासा."

"कोन म्हनलं? आठाची हाईस तू. जा, पानी भर जा."

"गुरुजी, दहाची असेल तर बसायला हवी," मी हळूच म्हटलं.

"आवं बाई, दुसरीतली पोर! तिकडच्या सायबांस्नी दावून शाळंची शोभा करताय व्हय?"

पोरं हसली. ती घागर न उचलताच निघून गेली. मी पेपर वाटायला घेतले.

पेपर संपला. मग गुरुजींनी माझ्याकडून एक कोरा पेपर मागून घेतला आणि सायकलवर टांग टाकली. परत आले ते सायकल हातात धरून, चालत. पेपर तसाच कोरा.

"मला बगून मेंढरांत लपली, बाई," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "आयपाशी निरोप ठेवलाय तिनं. गुरुजीस्नी सांग, माझं वय न्हाई झालं अजून."

पुढच्या खेपेला गुरुजी तिथं नव्हते. उसापाण्याचं गाव सोडून त्यांनी आटपाडीकडची बदली मागून घेतली होती.

"तिकडच्या दुष्काळात आपणहून कोण जातं, तुम्हीच सांगा," नवे मास्तर हसत होते.